जिप्सीची ऐंशीच्या पुढची थरथर आणि फायफॉक्स ॲप : कुठे कामाला येतं, कुठे फसवतं

फोर बाय फोर गाडी ताशी ७५-८० किलोमीटरच्या पुढे थरथरायला लागली की पहिला खर्च व्हील बॅलन्सिंगवर होतो, दुसरा अलाइनमेंटवर आणि तिसरा थेट नव्या टायरवर. तरीही थरथर गेली नाही की मग कुणाला तरी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा, आठवतो. एवढा खर्च होण्याआधीच दोष चाकात आहे, शाफ्टमध्ये आहे की क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या, कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या) कोनात आहे, हे सांगणारं फुकटातलं साधन म्हणून फायफॉक्स हे ॲप तपासण्यासारखं आहे. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी ते तयार झालं आणि २०१६ पासून सगळ्यांना मोफत मिळतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, जाहिराती नाहीत. त्यातला त्वरणाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग आपल्या कामाचा. फोनला बसणारे हादरे किती हर्ट्झचे आहेत, म्हणजे सेकंदाला किती वेळा येतात, हे तो आलेखावर दाखवतो.

उदाहरणाला मारुती जिप्सी किंग घेतली आहे. त्याला कारण आहे. या गाडीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, वेगळा टांगलेला आहे. त्यामुळे शाफ्ट तीन : गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस हा आखूड मधला शाफ्ट, मग मागचा आणि पुढचा. तीन शाफ्ट म्हणजे सहा क्रॉस. इतक्या जागांमधून दोषी जागा नुसत्या अंदाजाने काढणं अवघड, आणि आकड्यांचा फायदा इथेच सर्वांत जास्त होतो. थार, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ फोर बाय फोरला हेच गणित लागू पडतं, फक्त आकडे आपल्या गाडीचे घ्यायचे.

ॲपला गाडीबद्दल काहीच माहीत नसतं. ४२ हर्ट्झवर शिखर दिसलं तर ते कशाचं, हे आपण सांगायचं. त्यासाठी आधी दोन मापं घ्यावी लागतात आणि दोन्ही घरच्या अंगणात होतात.

पहिलं माप चाकाच्या एका फेऱ्याचं अंतर. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, चालकाच्या जागी माणूस बसवा, मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे होऊ द्या, अंतर टेपने मोजा आणि पाचने भागा. टायरच्या साइजवरून कागदावर काढलेला घेर याच्यापेक्षा थोडा मोठा येतो, कारण वजनाखाली टायर बसतो. २०५/७० आर १५ टायरला साधारण २.०५ मीटर येतो. पुढचं गणित त्यावर आहे.

दुसरं माप क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर, त्याला पुढून-मागून दगड लावा, जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीत) एक चाक अडलेलं असताना मोकळ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे शाफ्टचे गुणोत्तराएवढे फेरे. चाक वीस वेळा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजून दहाने भागा. शाफ्टचे ३९ आणि थोडे वर आले तर गुणोत्तर ३.९. जुनी गाडी घेताना क्राऊन-पिनियन बदललेला असण्याची शक्यता धरावी आणि पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नये.

आता ३.९०९ गुणोत्तर धरून ८० च्या वेगाचं चित्र असं दिसतं. गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणून चाक १०.८ हर्ट्झने फिरतं. मागचा शाफ्ट त्याच्या ३.९०९ पट, ४२.४ हर्ट्झने, म्हणजे मिनिटाला सुमारे २,५४० फेरे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो, म्हणून कोनाचा दोष शाफ्टच्या दुपटीवर, ८४.८ हर्ट्झला दिसतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केसची खासियत अशी की हाय रेंजमध्येही, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या गिअरमध्येही, त्याचं गुणोत्तर एकास एक नाही, सुमारे १.४ आहे. त्यामुळे मधला शाफ्ट मागच्यापेक्षा जोरात, ५९.७ हर्ट्झने फिरतो. शंभरच्या वेगाला तो मिनिटाला जवळपास ४,५०० फेऱ्यांवर पोचतो. लांबीला वीतभर दिसणाऱ्या या शाफ्टकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि कितीतरी जिप्स्यांची थरथर त्याच्याच सैल क्रॉसमध्ये असते.

म्हणजे १०.८ ला शिखर असेल तर टायर, रिम, हब किंवा ड्रम, ४२.४ ला असेल तर मागचा, किंवा पुढची चाकं जोडणारे-सोडणारे हब लॉक असतील तर पुढचा शाफ्ट, ५९.७ ला मधला शाफ्ट, ८४.८ ला क्रॉसचे कोन किंवा चुकलेलं फेजिंग, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नसणं. २१.७ ला, चाकाच्या दुपटीवर, काही दिसलं तर टायर अंडाकार झालेला आहे का ते पाहायचं. बॅलन्सिंगने ते जात नाही.

चाचणीची पद्धत. फोन डॅशबोर्डवरच्या मोबाइल होल्डरमध्ये अजिबात ठेवू नका. होल्डर स्वतःच हलतो आणि आलेखात त्याचाच नाच दिसतो. चालकाच्या सीटची रेल किंवा सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे पत्र्याला येतो ती जागा घ्या. कव्हर काढून फोन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ टेपने घट्ट चिकटवा. जाड फोमची टेप जास्त हर्ट्झचे हादरे खाऊन टाकते. ॲपमध्ये वेळ लावून मोजणी सुरू आणि बंद करण्याची सोय आहे, ती वापरा. वेगासाठी गाडीचा काटा न धरता जीपीएस धरा. दुसऱ्या फोनवर जीपीएसचा वेग उघडा ठेवून तो बाजूला बसलेल्या माणसाकडे द्या. चालकाने फक्त गाडी चालवायची.

वेग पाच-सहा सेकंद एकसारखा राहिला पाहिजे. ८० वरून ८१ झाला तरी शाफ्टचं शिखर अर्ध्या हर्ट्झने सरकतं आणि वेग सतत बदलत असेल तर टोकदार शिखराऐवजी पसरट टेकडी दिसते. दुसरीकडे, मोजणी दोन सेकंदांचीच घेतली तर अर्ध्या हर्ट्झपेक्षा बारीक फरक कळतच नाही. रस्ता डांबरी, सपाट आणि मोकळा हवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा काँक्रीटचा रस्ता या कामाला वाईट, कारण सांध्यांवरून जाताना स्वतःचीच एक लय येते. सांधे साडेचार मीटरवर असतील तर ८० च्या वेगाला ती सुमारे ५ हर्ट्झची असते आणि तिच्या पटीतली शिखरंही दिसतात.

आता या साधनाची सर्वांत मोठी खोट. फोनचा सेन्सर सेकंदाला ठरावीक वेळाच मोजतो. आयफोनवर साधारण १०० वेळा. अँड्रॉइडमध्ये मॉडेलप्रमाणे १०० पासून ४००-५०० पर्यंत. आणि सेकंदाला जितक्या नोंदी, त्याच्या निम्म्यापर्यंतच आलेख खरा असतो. १०० नोंदींचा फोन ५० हर्ट्झपर्यंतच खरं सांगतो. त्याच्या वरचा हादरा आलेखावर उलटा दुमडून खाली येतो : ८४.८ हर्ट्झचा कोनाचा दोष १५.२ ला दिसतो आणि पाहणारा टायरवाल्याकडे जातो. मधल्या शाफ्टचा ५९.७ हा ४०.३ ला येतो, म्हणजे मागच्या शाफ्टच्या अगदी शेजारी. इथे ॲप खोटं बोलत नाही, पण कुठे सावध व्हायचं हेही सांगत नाही. शाळेच्या प्रयोगाला हे चालून जातं, गाडीच्या निदानाला नाही.

हा दुमडलेला आकडा ओळखायची खात्रीची खूण आहे. वेग ८० वरून ९० करा. खरं शिखर वर सरकतं : चाकाचं १०.८ वरून १२.२, मागच्या शाफ्टचं ४२.४ वरून ४७.७. दुमडलेलं खाली येतं : कोनाच्या दोषाचं १५.२ वरून ४.७ वर. वेग वाढल्यावर शिखर खाली सरकलं की ते खोट्या जागी आहे, एवढं पक्कं. आपल्या फोनचा दर किती हे पाहायला मोजणी एक्सपोर्ट करा आणि स्प्रेडशीटमध्ये एका सेकंदाच्या किती ओळी आल्या ते मोजा. या कामासाठी २०० च्या खालचा फोन घेऊ नये. ४०० चा मिळाला तर शंभरच्या वेगालाही शंका राहत नाही.

उंचीच्या बाबतीतही जपून. शिखर किती उंच आहे ते फोनप्रमाणे, चिकटवण्याच्या जागेप्रमाणे बदलतं. दोन गाड्यांची तुलना त्यावरून करता येत नाही. तोच फोन, तीच जागा, तोच वेग, तोच रस्ता ठेवला तर दुरुस्तीआधी आणि नंतर, एवढी तुलना मात्र उत्तम होते.

आकडा मिळाल्यावर तो नक्की करायला तीन-चार साध्या चाचण्या आहेत. ९० ला असताना क्लच दाबून न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा नाही. कमी झाली तर इंजिन, माउंटिंग किंवा जोर लागल्यावर पिनियन वर उचलला जाऊन बिघडणारा कोन. त्याच वेगाला पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकून पाहा : शिखर जागचं हललं तर ते इंजिनाचं, कारण तिन्ही शाफ्टचे फेरे गिअरवर अवलंबून नसतात. फ्री-व्हील हब असतील तर एकदा फ्री आणि एकदा लॉक करून, दोन्ही वेळा टू-हायमध्येच (जोर फक्त मागच्या चाकांना, हाय रेंज), तोच वेग घ्या. फक्त लॉक असताना शिखर उंचावलं तर पुढचा शाफ्ट दोषी. खात्रीसाठी जिप्सीचा पुढचा शाफ्ट दोन्ही फ्लँजचे बोल्ट काढून पूर्ण उतरवता येतो आणि टू-हायमध्ये गाडी चालते. ही मोकळीक गरजेपुरत्या फोर बाय फोरलाच आहे. सतत चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत शाफ्ट काढून चालवलं तर सेंटर डिफरन्शियलची वाट लागू शकते, आणि ज्यांच्या शाफ्टचा योक थेट केसच्या सीलमध्ये जातो तिथे ऑइल रस्त्यावर सांडतं.

गाडी स्टँडवर उचलून, चाकं हवेत ठेवून ८० ला फिरवायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. करू नका. धोका तर आहेच, शिवाय ॲक्सल लोंबकळला की क्रॉसचे कोन बदलतात आणि नसलेला दोष दिसतो.

यापुढचं काम हाताचं. शिखर शाफ्टच्या फेऱ्यावर असेल तर आधी शाफ्ट धुवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मावळात चिखल खेळून आलेल्या गाडीच्या शाफ्टवर आणि रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल हाच कितीदा तरी दोष असतो. मग दगडावर आपटून आलेला पोचा आणि बॅलन्सिंगची वेल्ड केलेली पत्री सुटून राहिलेला डाग शोधा. दोन्ही हातांनी शाफ्ट क्रॉसच्या जवळ धरून वर-खाली आणि पिळल्यासारखा हलवा. फ्लँज न हलता क्रॉसमध्ये ‘टक’ झालं तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या कपाच्या तोंडाशी तांबूस, वाटलेल्या मसाल्यासारखी कोरडी पूड दिसली तर आत ग्रीस कधीच संपलं आहे आणि सुयांच्या बेअरिंगचं लोखंड झिजून बाहेर येत आहे. सर्क्लिप काढून कप बाहेर घेतला की क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या बारीक समांतर खाचा दिसतात. नख आडवं फिरवलं तर अडकतं. अशा क्रॉसला पंपाने ग्रीस मारून काही होत नाही, तो बदलायचाच. नवा बसवताना कप वाकडा ठोकला तर एखादी सुई आडवी पडते आणि क्रॉस एका दिशेने जड फिरतो. बसवल्यावर तो दोन्ही दिशांना हाताने सारखा फिरला पाहिजे.

स्लिप योकच्या (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाच्या) आट्या सैल असतील तर बॅलन्सिंग करून आणलेला शाफ्टही जोरात फिरताना मध्यातून सरकतो. डायल गेज मिळाला तर शाफ्टच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना लावून फिरवा. काटा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला तर शाफ्ट वाकलेला धरावा.

क्रॉस ठीक, शाफ्ट सरळ, तरी शिखर ४२ च्या आसपास, असं असेल तर फायफॉक्स सर्वांत जास्त मोलाचं ठरतं. मागच्या फ्लँजचे चार बोल्ट काढा, शाफ्ट १८० अंश फिरवून परत बसवा आणि मोजा. शिखर बरंच खाली आलं तर फ्लँज आणि शाफ्टचे जड भाग एकाच बाजूला आले होते. काम तिथेच संपलं. नाही आलं तर पाण्याच्या पाइपला लावतात ती स्क्रूची होज क्लॅम्प शाफ्टच्या मागच्या टोकाला लावा. शाफ्टवर खडूने सारख्या अंतरावर १ ते ४ खुणा करा आणि क्लॅम्पचं डोकं प्रत्येक खुणेवर ठेवून त्याच वेगाला मोजणी घ्या. सर्वांत बुटकं शिखर जिथे आलं ती हलकी बाजू. मग दुसरी क्लॅम्प जोडून दोन्हींची डोकी त्या खुणेच्या दोन बाजूंना हळूहळू फाकवा, शिखर सर्वांत खाली येईपर्यंत. क्लॅम्पची शेपटी कापून टाका आणि ती हँडब्रेकच्या केबलला किंवा एक्झॉस्टला लागत नाही हे पाहा. ही पद्धत जुन्या मेकॅनिकांना ठाऊक आहे, पण ती अंगाला जाणवण्यावर चालायची आणि १ व ३ मधला फरक सांगताना वाद व्हायचे. आलेखावर वाद राहत नाही. चारही खुणांवर शिखर तेवढंच राहिलं तर दोष वजनाचा नाही, पुन्हा क्रॉस आणि आट्यांकडे वळायचं.

शिखर ८४.८ ला असेल तर आधी फेजिंग पाहा. स्लिप योक उतरवून बसवताना एक-दोन आट्या चुकल्या की दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. उतरवण्याआधी दोन्ही भागांवर रंगाचा पट्टा ओढणं एवढंच त्यावर औषध. फेजिंग बरोबर असेल तर कोन, आणि तिथे ॲप हात टेकतं. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्यावा लागतो. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी करून ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज यांचे कोन घ्या. समजा केसचा उतार ४, शाफ्टचा ७.५ आणि पिनियनचा ४.५ अंश आला. पुढच्या क्रॉसचा कोन ३.५, मागच्याचा ३. फरक अर्ध्या अंशाचा, चालेल. आता मागे लांब शॅकल (पाट्यांचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उचलली आणि शाफ्ट ११, पिनियन ७ झाला, तर क्रॉसचे कोन ७ आणि ४. फरक तीन अंशांचा. एकाने निर्माण केलेली धडधड दुसरा पुरी खोडू शकत नाही आणि गाडी ८० ला घुमायला लागते. दोन्ही कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर जाणाऱ्या शाफ्टला तीन अंशांच्या आतले कोन बरे. अगदी शून्यही नको, अर्धा अंश तरी हवाच, नाहीतर सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खाच पाडतात. पाट्यांच्या स्प्रिंगखाली पाचरीच्या डिग्री शिम घालून पिनियन फिरवता येतो. ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंग फाटली असेल तर मात्र आधी ती बदला. केस जागेवर नसताना घेतलेल्या कोनांना अर्थ नाही.

या कामासाठी फायफॉक्सला पाचपैकी चार. पाचवा गुण दोन कारणांनी गेला : नोंदींच्या दराबद्दल इशारा नाही, आणि वर्णपटाच्या प्रयोगात वेग सोबत नोंदला जात नाही. त्वरण आणि जीपीएस एकत्र घेणारा साधा प्रयोग ॲपमध्येच बनवता येतो, पण मग वर्णपट संगणकावर काढावा लागतो. गॅरेजवाल्याने हे रोज वापरावं इतकं ते झटपट नाही. गाडीमालकाने एक रविवार दिला तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्यायचा की नाही, हे वर्कशॉपची पायरी चढण्याआधी कळतं. देताना आलेख सोबत न्या, आणि दोन्ही क्रॉस नवे बसवूनच शाफ्ट मशीनवर चढवायला सांगा. जुन्या सैल क्रॉससकट बॅलन्स केलेला शाफ्ट क्रॉस बदलताच पुन्हा बिघडतो.